अमोनियाची रिकामी बाजू

विमलानं मातीच्या गोळ्यात तिसरी काडी खोचली आणि मॉडेल टेबलावर ठेवलं. तिन्ही काड्या अंगणातल्या रांगोळीसारख्या सपाट पसरल्या होत्या.

"अमोनिया असा असतो?" परभणीहून आलेल्या परीक्षकांनी विचारलं.

काहीतरी चुकलंय, हे तिला कळलं. बारावीची ही तिसरी खेप. पहिल्या खेपेला विद्यापीठाच्या नामांतराच्या बंदात जिंतूरला यायला एस.टी.च नव्हती, दुसऱ्या खेपेला याच तोंडी परीक्षेत तिची दातखीळ बसली होती. आता नापास झाली की वैशाखात देवगाव फाट्याचा बिजवर ठरलेलाच. एवढी एक संधी मिळावी म्हणून आईनं घरचा कारभार बघणाऱ्या चंद्रभानकाकांपुढं पदर पसरला होता.

"नायट्रोजनभोवती इलेक्ट्रॉनच्या जोड्या किती?"

"चार, सर. तीन हायड्रोजनला बांधलेल्या. एक... एकटीच."

"जोड्या एकमेकींना लांब ढकलतात. मग ही एकटी दिसत नाही म्हणून तिला जागाच नको?"

पाठ केलेलं सगळं पळालं. रडू आवरायला तिनं खिडकीबाहेर पाहिलं. लिंबाच्या पारावर आई बसली होती. आपापल्या मुलींसोबत आलेल्या गावच्या तिघी पाराच्या दुसऱ्या टोकाला दाटीवाटीनं बसल्या होत्या. घरी बायका जमल्या तरी हेच. वडील गेल्यापासून आईशेजारी कुणी बसत नसे. निम्मी सतरंजी मोकळी आणि बाकीच्यांचे गुडघे गुडघ्यांना लागलेले.

विमलानं काड्या उपसल्या आणि तिन्ही खालच्या अंगाला, एकमेकींजवळ खोचल्या. वरची बाजू मोकळी ठेवली.

"इथं ती हाय, सर. कुणाला बांधलेली न्हाई, म्हणून लय जागा घेती. तिच्यामुळं ह्या तिघींना दाटून बसावं लागतंय."

परीक्षकांनी चष्मा काढला.

"कुणी शिकवलं हे?"

तिनं पुन्हा खिडकीबाहेर पाहिलं. त्यांनी कागदावर आकडा लिहिला; उलटा दिसत होता तरी तिला वाचता आला. वीसपैकी अठरा. आईलाच विकून आल्यासारखी तिला लाज वाटली.

ती पाराजवळ येताच आईनं घाबरून विचारलं,

"काय इचारलं गं? आलं का सांगता?"

"आलं."

विमला तिला खेटून बसली. आई सवयीनं बाजूला झाली.

"तिकडं बस की त्यांच्यात. बायका बघायल्यात."

विमला पुन्हा खेटली. आई आणखी सरकली, तीही सरकली. मग पाराची कड आली आणि आईला सरकायला जागा उरली नाही.