उतारावर अडलेला रथ

दोर ओढणाऱ्यांनी टाचा रोवल्या, घामाघूम झाले, पण रथ हलेना. मेयर बाल्मोरेसांच्या फाटकासमोरच मारियामाता अडून बसली होती. कालिनाव गावात याचा अर्थ शेंबड्या पोरालाही ठाऊक होता. मातेला पुढे जायचं नसलं की ती जड होते, आणि जिथे जड होते ते घर तिचं लाडकं. बघता बघता अख्खी मिरवणूक रस्त्यावर गुडघे टेकून बसली.

मेयर अनवाणी धावत आले. पांढराशुभ्र सदरा, डोळ्यांत पाणी. ते पाणी त्यांना हवं तेव्हा येत असे. मातेच्या झग्याचं टोक ओठांना लावून ते म्हणाले, "मी कोण गं, माते? मी पापी माणूस. पण तुझी आज्ञाच असेल तर आणखी तीन वर्षं गावाची सेवा करीन." त्यांनी रथाला कपाळ टेकवलं आणि रथ अलगद निघाला. बायका रडू लागल्या. तो शुक्रवार होता आणि सोमवारी मतदान होतं.

पुरिताचं मात्र रक्त उकळत होतं. ती गावच्या शाळेत विज्ञान शिकवायची. तिची आई सायोंग शेजारीच बसून हुंदके देत होती. याच मेयरने समुद्रात भराव घालून हॉटेल उभारण्यासाठी किनाऱ्यावरची बायबाय वस्ती उठवायचं ठरवलं होतं. सायोंगचं घर आणि मासळी वाळवायचे मांडव त्यातच जाणार होते. जमीन मोजायला आलेल्यांना याच म्हातारीने मासे चिरायची सुरी दाखवून पळवलं होतं, सगळी वस्ती मेयरविरुद्ध उभी केली होती. आणि आता घरी जाताना ती म्हणाली, मत मेयरलाच द्यायचं.

"घर जाईल, नानाय," पुरिता आईला म्हणाली.

"जाऊ दे. तिनेच निवडलंय त्याला. मी काय तिच्यापेक्षा शहाणी?"

दुसऱ्या दिवशी पुरिता पुन्हा मेयरच्या फाटकाशी गेली. मिरवणूक गेली त्या दिशेला तिथे रस्त्याला चांगला उतार होता. उतारावर गाडी जड झाली तर ती थांबत नाही, उलट पळते. आणि सिमेंटवर चाकांच्या रुंदीचे दोन काळे ओरखडे होते. चाक फिरलं तर असा ओरखडा उठत नाही. चाक कुणीतरी आवळून धरलं आणि गाडी तशीच फरफटली, तरच उठतो.

पूर्वी मातेला खांद्यावरून नेत. चाकांचा हा रथ यंदा मेयरने दिला होता, स्वतःच्या गॅरेजात बांधून. पुरिता फादरांकडे गेली. त्यांनी खिडकीबाहेर बघत, लोकांची श्रद्धा दुखवू नकोस, एवढंच सांगितलं. चर्चचं नवं छप्परही मेयरनेच दिलं होतं. मग तिने स्वतःच रथाची मखमली झालर उचलून पाहिली. आत दिव्यांसाठी जनरेटर, तो सांभाळणाऱ्या अंबोसाठी एक स्टूल आणि स्टुलाशेजारी जीपचा हँडब्रेक. अंबो म्हणजे मेयरचा ड्रायव्हर. तिने आईला सगळं सांगितलं. आई म्हणाली, "मातेनेच त्याला तो ओढायला लावला असेल." शेजारणींनी तर क्रूसाची खूण करून दार लावून घेतलं.

रविवारी प्रचार बंद. उमेदवारांनी तोंड उघडायचं नाही, असा कायदा. मातेला कोण बंदी घालणार? संध्याकाळी मिरवणूक बायबायला आली, होड्यांना आशीर्वाद द्यायला. पुढे हातात मेणबत्ती घेऊन मेयर, गरीब चेहरा करून. फादर होड्यांवर पाणी शिंपडत होते, तेवढ्यात अंबो झालरीबाहेर आला आणि केळीच्या पानातला गोड भात खायला गर्दीत शिरला. सगळ्यांची तोंडं समुद्राकडे होती. पुरिता आत सरकली.

रथ निघाला. डिझेलच्या वासात ती स्टुलावर अंग चोरून बसली. फटीतून आईचं दार दिसताच तिने दोन्ही हातांनी ब्रेक ओढला.

दोर ताणले गेले. मग आईचा घोगरा आवाज आला, "आलीस गं? माझं घर वाचवायला आलीस?"

पुरिताला वाटलं होतं, आपल्याला हसू येईल. तिला शरम वाटली आणि मग भयंकर राग आला. आईचा जन्मभराचा विश्वास एका लोखंडी दांडीला बांधता येतो, इतकं सोपं होतं ते. मेयरने हेच केलं होतं आणि वर तिच्याच घरावर नांगर फिरवायला निघाला होता.

मातेला वस्ती उठवलेली नको आहे, अशी कुजबुज सुरू झाली. मेयरचा चेहरा उतरला.

"ओढा की," ते म्हणाले.

"माता जड झालीय, मेयर," दोरावरचा एक म्हातारा कोळी म्हणाला.

मेयर झालरीजवळ वाकून काहीतरी पुटपुटले. उत्तर आलं नाही, तसा त्यांचा तोल गेला. "अंबो, गाढवा, ब्रेक सोड."

सगळ्यांनी ऐकलं. गर्दीच्या मागून भरल्या तोंडाने उत्तर आलं, "बॉस, मी इथे आहे."

पुरिता बाहेर आली. हात ग्रीसने काळे झाले होते. तिने झालर वर खोचली. "परवा तुमच्या दारात जड झाली तेव्हा नाही आठवला ब्रेक. आज बरा आठवला, मेयर."

म्हाताऱ्या कोळ्याने वाकून दांडी ओढून पाहिली, सोडून पाहिली. रथ अडला, रथ सुटला. आई उठून पुरितासमोर आली.

"तूसुद्धा तिला वापरलंस?"

"हो, नानाय. तुला दिसावं म्हणून. मला शिव्या दे हवं तर." मग ती सगळ्यांकडे वळली. "तुम्ही प्रार्थना करा, मी आड येणार नाही. पण देव माझ्या बाजूने आहे असं सांगत जो मत मागतो, त्याच्या रथाखाली वाकून बघा. गेल्या तीन वर्षांत काय केलं ते विचारा. पुढे काय करणार ते विचारा. देवाने तुम्हाला डोकं दिलं असेल, तर ते काय नुसतं टेकवायला दिलंय?"

मेयर हात जोडून सायोंगकडे वळले. "मावशी, माझं ऐका. माता जाणते..."

"थांबा," सायोंग म्हणाली. मेयरवरची नजर तिने काढली नाही. "हे घर माझं. ते पाडायचंय ना तुम्हाला? मग इथे उभं राहून, स्वतःच्या तोंडाने सांगा, की घर पाडणार आहे, तरी मला मत द्या. तिला मध्ये आणू नका."

सगळे मेयरकडे बघत होते. मेयरने सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसले, पण आज ते कोरडेच होते.