हात न लावता

शर्नेटने पोरीवर कधी हात उगारला नव्हता, आणि हे ती चारचौघांत ताठ मानेने सांगायची. आमच्या डोंगरावरच्या वस्तीत घरोघरी दारामागे पोरांना मारायचा पट्टा टांगलेला. शर्नेटची मुलगी टॅव्हिया शाळेत बोलेनाशी झाली आणि शाळेने शर्नेटलाच पालकांच्या वर्गाला बसायला सांगितलं, तेव्हा म्हणूनच तिला ते फार लागलं.

वर्ग चर्चमागच्या सभागृहात भरायचा. शिकवायला मिस हायसिंथ, निवृत्त नर्स. त्यांनी शर्नेटला लहान मुलांच्या बुटक्या खुर्चीवर बसवलं.

"आता तू टॅव्हिया. घरी तिला सारखं काय ऐकावं लागतं, ते सांग. ग्लेनफर्ड तुला ते म्हणेल."

"मी हात नाही लावत तिला, मिस."

"जीभ लावतेस का?"

सगळे हसले. शर्नेटही हसली आणि तिने ते सांगितलं. ग्लेनफर्ड वर्गातलाच एक पालक, बस चालवायचा, आडदांड माणूस. तो तिच्यासमोर उभा राहिला आणि ओशाळून म्हणाला, "तू झाली नसतीस तर मी कधीच परदेशी गेले असते. तुझ्यापायी इथं कुजतेय."

आता कोणी हसेना. शर्नेटचे गुडघे छातीला टेकले होते, तिला उठताच येईना.

"हे माझ्या आईचं बोलणं आहे," ती पुटपुटली.

"असेल. पण पोरीला ते तुझ्या तोंडून ऐकू येतं," मिस हायसिंथ म्हणाल्या.

शर्नेट घरी आली तेव्हा तिची आई, इसिल्डा, चुलीवर नीरफणस भाजत होती. टॅव्हियाच्या हातून पाणी सांडलं.

"बावळट! आईवर गेलीस अगदी. दोघी माझ्या गळ्यातल्या धोंडी!"

"आई, तिला असं नको बोलूस."

इसिल्डाने चिमटा खाली ठेवला. "शिकून आलीस वाटतं? तुला असंच बोलून वाढवलं, मेलीस का? घर माझं आहे. कान एवढे नाजूक असतील तर चालू लाग."

 शर्नेट माँटेगो बे शहरातल्या हॉटेलात चादरी धुवायची, त्या पगारात भाड्याची खोली परवडत नव्हती. तिने विचारून पाहिलं होतं.

ती पोरीला पाण्याच्या टाकीमागे घेऊन गेली. "मी तुला बोलते ना, ते खरं नाही. मी तुझ्यामुळे अडकलेली नाही, बाळा."

टॅव्हियाने स्वयंपाकघराकडे पाहिलं. "हळू बोल मम्मी. आजी ऐकेल." मग विचारलं, "तू रागावलीस?"

"नाही गं."

"मग जाऊ आत?"

सोमवारी घाईत टॅव्हियाचा इस्त्री केलेला गणवेश चिखलात पडला. खाली वळणावर बसचा हॉर्न वाजत होता. "तू झाली नसतीस तर—" शर्नेटच्या तोंडून गेलं, आणि तिने ओठ दाबून धरले. उरलेलं वाक्य खाटेवरून इसिल्डाने पुरं केलं, प्रार्थना म्हणावी तसं, शांतपणे.

टॅव्हिया गणवेश धुवायला बसली. शर्नेट तिच्या शेजारी उकिडवी बसली. "निम्मं मी बोलले. चुकलं माझं." बस निघून गेली.

शर्नेट अजून वर्गाला जाते. इसिल्डा तिला येता-जाता "प्रोफेसरबाई" म्हणून टोमणे मारते. टॅव्हिया शाळेत अजून बोलत नाही. पण आईला काही सांगायचं असलं, की ती आधी आजी कुठे आहे ते बघून येते आणि मग शर्नेटला चिकटून बसते.