चौथ्या थांब्यावरचं शून्य

“टॉर्च बंद. तीन मिनिटं कुनी बोलायचं नाय,” अनंता म्हणाला आणि एसटी डेपोमागच्या घाणेरीच्या झुडपांकडे कान देऊन उभा राहिला. शहापुरात रात्री ओरडणाऱ्या किड्यांची मोजणी चालली होती, हा चौथा थांबा. अनंता कॉलेजात प्रयोगशाळेचा शिपाई, मार्चमध्ये निवृत्त होणारा. पायांनी केव्हाच राजीनामा दिला होता आणि शेणवे गावातलं घर अजून लांब होतं.

पण मोजणीत त्याचा मान मोठा. रानात वाढलेला माणूस, नुसत्या आवाजावरून किडा ओळखायचा. म्हणून मोजणी घेणाऱ्या प्राणिशास्त्राच्या सारिका मॅडमनी पहिल्याच वर्षी नियम घातला होता : मुलांच्या कागदांत फरक पडला, तर अनंताकाकांचा कागद खरा.

वेळ संपली. त्याने लिहिलं, रातकिडे दोन, हिरवे नाकतोडे शून्य. सलग तिसरं वर्ष. डेपोच्या नव्या दिव्याने नाकतोडे हुसकावले, असं मॅडमनी परिषदेत वाचूनही दाखवलं होतं.

“काका, शून्य कसं?” पहिल्या वर्षाच्या कुणालीने विचारलं. नवी पोर, तिला नियम कुठला ठाऊक! “चार तरी हायेत. समोरच ओरडतात.”

“नाय गो. उगा काय पन लिवू नको.”

तिने टॉर्च लावला. हातभर अंतरावर, पानावर नाकतोडा बसला होता, पंख थरथरत होते. अनंताने वाकून कान पुढे केला. डेपोतली गाडी ऐकू आली, मॅडमच्या चपला ऐकू आल्या. नाकतोडा मात्र मुका.

किडे कुठेच गेले नव्हते.

मॅडमनी दोन्ही कागद पाहिले आणि सवयीने कुणालीच्या चारवर काट मारायला पेन उघडलं. गप्प बसला असता तर निभावलं असतं. उरले होते पाच महिने, तेवढ्यासाठी जन्माची अब्रू कशाला घालवावी? असं मनात आलं आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली.

“थांबा मॅडम. पोरीचं खरंय. बारीक आवाजाला माजे कानच गेलेत. तीनी वर्सांचं शून्य माजं हाय, किड्यांचं नाय.”

“काका, अहो...” मॅडम म्हणाल्या.

“मलापन आताच समजलं.” त्याने त्यांच्या हातातलं पेन घेतलं आणि स्वतःच्या शून्यावर काट मारली.

पाचव्या थांब्यावर त्याने कागद घेतला नाही, फक्त घड्याळ धरलं. तीन मिनिटं झाल्यावर हळूच विचारलं, “कसा ओरडतो गो तो?”

कुणालीने दात आवळून बारीक आवाज काढून दाखवला.

“हां, तोच,” अनंता म्हणाला. “आमच्या दारातनं गेला, म्हनत व्हतो मी. असंल मंग अजून.”