पांढरा साका

हुस्तिनाने दगडाची पूड तेजाबात विरघळवली, गाळून घेतली आणि त्यात मिठाचं पाणी सोडलं. सोडताना मनात एकच घोकत होती, शिसं असू दे, माउली, शिसं असू दे.

पोतोसीच्या चांदीच्या डोंगरात असलं मागणं कुणी मागत नाही. पण तिच्या नवऱ्याच्या, प्लासिदोच्या, छातीत खाणीची धूळ बसली होती. आता खाली उतरला तर वर येईल तो चौघांच्या खांद्यावर, असं डॉक्टर म्हणाले होते. तो मात्र हटून बसला होता: जुन्या बोगद्यातल्या या दगडात चांदी निघाली तर उतरणारच. पारख हुस्तिनाची. तिचा बाप दगडच पारखायचा; तो गेला, तरी त्याच्या बाटल्या अजून फळीवर होत्या.

दह्यासारखा पांढरा साका तळाशी बसला. शिशाचाही असाच बसतो, पण उकळतं पाणी ओतलं की विरघळतो. तिने ओतलं. साका हलला, पुन्हा बसला. आणखी ओतलं. तसाच.

चांदी.

प्लासिदो कोकाची पानं आणायला गेला होता. खाणीतल्या सैतानाला, सगळे त्याला काकाच म्हणतात, पानं वाहिल्याशिवाय कुणी उतरत नाही. पाठीवरची लेक झोपेत चुळबुळली. हुस्तिनाने अमोनियाची बाटली काढली, खिडकी उघडली आणि घाईघाईने पेल्यात ओतली. पेल्यातलं थोडं बोटांवर उसळलं. साका नाहीसा झाला.

"काय पारखीणबाई, लागला निकाल?" प्लासिदो दारातूनच खोकत म्हणाला. वास त्याला आला नाही. खाणीने नाकही खाल्लं होतं. "काका वाट बघतोय माझी."

"बघू दे. गरम पाण्यात गेलं सगळं. शिसं आहे."

त्याने पेला उजेडात धरला. नितळ.

"तुझ्या बापाला विचारायला हवं होतं."

"त्याच्याकडे जायची एवढी घाई झालीय तुला?"

तो हसला, हसताना पुन्हा खोकला, आणि पानांची पिशवी त्याने खुंटीला अडकवली. हुस्तिनाला कितीतरी दिवसांनी भूक लागली.

दुपारी उन्हात ती लेकीची दुपटी वाळत घालत होती. प्लासिदो पायरीवर बसून तिच्या हातांकडे बघत होता. तिनेही पाहिलं. तीन बोटं काळी पडली होती. तिने साबण घासला, राख घासली. डाग हलेना.

"शिशाचा डाग धुतला की जातो, हुस्ता," तो हळूच म्हणाला. रागावला असता तर बरं झालं असतं. "तुझ्या बापाची बोटं अशीच होती."

त्याने तिची काळी बोटं क्षणभर आपल्या मुठीत धरली. मग आत जाऊन खुंटीवरची पिशवी काढली.