अडतीस सालची डायरी

इंग्रजी शब्दकोशाच्या कचेरीत एक अलिखित नियम होता: ज्या शब्दाच्या जन्माची गोष्ट फार छान असेल, त्याचे कागद दोनदा तपासायचे. 'गॉबल्डीगूक'ची गोष्ट छानच होती. सरकारी कागदांतल्या बोजड, अगम्य इंग्रजीला वैतागून एका माजी अमेरिकी लोकप्रतिनिधीने १९४४ साली टर्की पक्ष्याच्या कलकलाटावरून तो घडवला. आता कचेरीतला मुद्रितशोधक सांगत होता की हा शब्द त्याच्या आत्याच्या १९३८च्या डायरीत आहे.

आत्या सरकारी खात्यात टंकलेखिका होती. मुद्रितशोधकालाही तिनेच वाढवलं. कोशात तिचं नाव यावं, एवढंच त्याचं मागणं होतं. एकोणीस वर्षांत त्याच्या नजरेतून साधा स्वल्पविराम निसटला नव्हता. सगळे त्याला चिमटा म्हणत.

"शब्दाला बाप होता, आता आईही सापडली म्हणायची," संपादकबाई म्हणाल्या. "एका पानाची प्रत नको. अख्खी डायरी आणा."

घर दहा मिनिटांवर, पण डायरी यायला चार दिवस लागले. बाईंच्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हाच.

शाई जुनी, अक्षर एकच, खाडाखोड नाही. मग त्यांनी छापील वार पाहायला घेतले. आत्या दर रविवारी कामावर जात होती आणि दर बुधवारी घरी कपडे धूत होती. असलं सरकारी खातं बाईंच्या ऐकिवात नव्हतं. त्या पानं मागे उलटत गेल्या. जानेवारीत एक ओळ सापडली: लढाई संपली, तरी टंकयंत्राच्या फिती मिळत नाहीत.

म्हणजे डायरी अडतीसची, मजकूर युद्धानंतरचा. कोरी राहिलेली वही काटकसरी आत्याने वापरून टाकली होती. तोवर शब्द वर्तमानपत्रांतून सर्वतोमुखी झाला होता.

बनावट काहीच नव्हतं. प्रश्न एकच उरला, हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं का, आणि बाईंनी तो विचारला. तो म्हणाला, सगळी डायरी वाचली नव्हती.

"तुम्ही? न वाचता?"

त्याने टेबलावरची डायरी मिटली.

"आत्याने जन्मात नवी डायरी विकत घेतली नाही, बाई. वाटलं, तुम्ही सालच बघाल."

बाई रागावल्या नाहीत. डायरी परत दिली. नोंदीत १९४४ तसंच राहिलं. तो गेल्यावर त्यांनी तळघरातून पहिल्या खंडाची प्रुफं मागवली, त्याच्या सहीची, आणि 'ए'पासून वाचायला बसल्या.