क्वार्टरची किल्ली

बहारीनमध्ये सित्र्याला कंपनीच्या गेटपाशी बस लावून शिवदासने डबा उघडला, तेवढ्यात आयरीन मॅडमचा फोन आला. सकाळचे साडेनऊ वाजले होते. माणसं आत कामाला गेली की दुपारपर्यंत त्याला दोनच कामं उरायची, बसवर लक्ष ठेवणं आणि सुपरवायझर दिसला की जागं असणं.

"दादा, तुमच्या पूर्णिमाचा कर्जमाफीचा अर्ज परत आलाय."

"परत म्हणजे?"

"वसईने परत पाठवलाय. 'सलग' या शब्दापाशी अडलंय. शुक्रवारी समितीपुढे या. चारला, अदलियाला, विवेकच्या ऑफिसात."

शिवदासने चपातीचा घास तसाच डब्यात ठेवला.

बहारीनला नोकऱ्या करून घरी परतलेल्या नर्सांनी आणि दोन-चार हॉटेलवाल्यांनी मिळून वसईला एक शिक्षण निधी काढला होता. नर्सिंगला जाणाऱ्या मुलीला त्यातून कर्ज मिळायचं. शिकल्यावर तिने खेड्यातल्या सरकारी दवाखान्यात पाच वर्षं सलग काम केलं तर सगळं कर्ज माफ. नाहीतर जामीन राहिलेल्याने फेडायचं. जामीन मात्र बहारीनमध्ये पगारावर असलेलाच लागायचा, कारण निधीवाल्यांचा विश्वास आधी पगारावर, मग माणसावर. कर्ज मिटेपर्यंत जामिनाने नोकरी सोडून गावी जायचं नाही, अशीही एक ओळ होती. सही करताना शिवदासने ती वाचली होती आणि हसण्यावारी नेली होती. तेव्हा त्याचे गुडघे चांगले होते.

आता तो अठ्ठावन्नचा होता. बावीस वर्षं क्लच दाबून डावा गुडघा वेगळाच बोलायला लागला होता. जानेवारीत व्हिसा संपणार होता, आणि पुढच्या दोन वर्षांच्या रिन्यूचा कागद सुपरवायझर नुमानने टेबलावर काढून ठेवला होता. रविवारपर्यंत सही, नाहीतर खलास. इकडे बायकोने, रत्नाबाईने, गावी दोन शेळ्या ठरवून ठेवल्या होत्या. "तुम्ही आल्याशिवाय आणायच्या नाहीत, मला एकटीला आवरणार नाहीत," असं ती दोन वर्षं सांगत होती. शेळ्यांच्या मालकाने एव्हाना त्यांच्या पिल्लांना पिल्लं झालेली बघितली असतील.

पूर्णिमा राजापूरच्या वरच्या अंगाला, घाटाच्या पायथ्याशी एका आरोग्य केंद्रात साडेपाच वर्षं नर्स होती. कंत्राटी. तिची नेमणुकीची ऑर्डर अकरा महिन्यांची असायची. ती संपली की चार दिवसांचा ब्रेक, मग नवी ऑर्डर. अशा पाच ऑर्डरी होऊन सहावी संपत आली होती. माणूस तोच, खुर्ची तीच, चहाचा कपही तोच. पण चार दिवस कागदावर ती कुणीच नसायची. तसं केलं नाही तर उद्या ती कायम नोकरी मागेल, अशी भीती वरच्या ऑफिसला.

दुपारी त्याने लेकीला फोन लावला.

"बाबा, ते चार दिवस मी कधी घरी बसलेय का? इथं नर्स मी एकटी. ब्रेक आहे म्हणून बाईला काय सांगू, कळा आवर, सोमवारी ये?"

"मग तसा एक दाखला आण गो डॉक्टरांकडनं."

"आणते."

दाखल्याऐवजी संध्याकाळी एक फोटो आला. बाळंतपणाच्या रजिस्टरचं पान. तारीख ब्रेकमधली, अक्षर पूर्णिमाचं, नोंदी दोन. मुलगी, दोन किलो सातशे. मुलगा, तीन किलो. शिवदासने फोटो मोठा करून करून बघितला. तीन किलोचं पोर वाचून त्याला उगाचच अभिमान वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचाच फोन.

"बाबा, तो फोटो कुणाला दाखवू नका."

"का?"

"डॉक्टर म्हणाले, ब्रेकमध्ये काम करून घेतलं असं मी लिहून देऊ? वर कळलं तर आधी माझी चौकशी, आणि तुझी पुढची ऑर्डर निघणारच नाही." आणि लगेच, "वाईट नाहीयेत ते. घाबरलेत."

"आणि तू?"

"मी कशाला घाबरू? मला फक्त इथनं जायचं नाहीये. बाबा, तुम्ही सही करून टाका ना दोन वर्षांची. मी दर महिन्याला थोडे थोडे देईन तुम्हाला."

"बघतो," शिवदास म्हणाला. शेळ्यांचं तिला काही बोलला नाही.

शुक्रवारी तो इस्त्रीचा शर्ट घालून अदलियाला टॅक्सीने गेला. दिवसभर दुसऱ्यांना नेणारा माणूस मागच्या सीटवर बसला की पाय कुठे ठेवावे ते त्याला कळत नसे. विवेकचं हिशेबनिशीचं ऑफिस एका कॅफेच्या वर होतं. खालून कॉफीचा वास येत होता, वर मात्र टी-बॅगचा चहा होता. टेबलाशी निधीच्या इथल्या समितीतली तिघं बसली होती. विवेक कोथरूडचा, चाळिशीतला, नियम तोंडपाठ असलेला. निकोलस अध्यक्ष, वसईचे, तीस वर्षं एका हॉटेलात कामगारांच्या खोल्या, बिछाने आणि गणवेश सांभाळणारे. आणि आयरीन मॅडम सचिव. आयुष्य बाळंतपणाच्या वॉर्डात गेलेलं, आवाज अजून तसाच. कुजबुजल्या तरी जिन्यापर्यंत ऐकू जायचं.

"शिवदासभाऊ, साखर?" निकोलसनी विचारलं.

"चालेल."

"डायबेटिस आहे ना तुम्हाला?" आयरीन म्हणाल्या.

"आहे."

"मग चालेल काय? नेऊन ठेवा ती साखर."

विवेकने फाइल उघडली. "काका, माझं वैयक्तिक काही नाही. पण नियमात 'सलग' आहे. इथं पाच खंड आहेत. प्रत्येक ऑर्डर नवी म्हणजे नोकरी नवी. असं धरलं तर तिची सेवा अकराच महिने होते."

"साडेपाच वर्षांची अकरा महिने?"

"कागदावर."

"अहो, कागद काय एकटा करतो बाळंतपणं?" आयरीन म्हणाल्या.

"मॅडम, आज यांना सोडलं की उद्या सगळे येतील." विवेक शिवदासकडे वळला. "त्या ब्रेकच्या दिवसांत तिने काम केलंय असा काही पुरावा आहे का? एखादा दाखला, फोटो, काहीही. असेल तर मी आत्ता सही करतो."

शर्टाच्या खिशात फोन होता. फोनमध्ये रजिस्टरचं पान होतं. मुलगी दोन सातशे, मुलगा तीन. काढून टेबलावर ठेवला की जानेवारीत विमान, परसात शेळ्या. आणि पूर्णिमा? कागद वसईला जाणार, वसईहून कुठे जाईल कोण जाणे. अशा कागदांना पाय फुटतात.

"नाही," शिवदास म्हणाला. "काही नाही."

"मग त्या चार दिवसांत ती काय करायची?"

"घरी असायची."

विवेकने लिहून घेतलं. आयरीन मॅडम मात्र शिवदासच्या हाताकडे बघत होत्या. तो हात खिशावर होता, देवळात पाकीट सांभाळतात तसा. चाळीस वर्षं बायका काय लपवतायत ते ओळखण्यात गेलेली ती बाई. तिने खिशाबद्दल काही विचारलं नाही. नुसती म्हणाली, "घर कुठंय तिचं?"

"केंद्राच्या आवारातच. क्वार्टर आहे एका खोलीचं."

इतका वेळ चहा ढवळत बसलेल्या निकोलसनी मान वर केली. "ब्रेक लागला की क्वार्टरची किल्ली परत घेतात?"

"नाही हो. तिची भांडीकुंडी आहेत तिथं. तुळस आहे."

"एकदाही नाही घेतली?"

"कधीच नाही."

निकोलसनी चमचा खाली ठेवला. "विवेक, तू इथं थेट ऑफिसात आलास, तुला माहीत नसेल. आमच्याकडे माणसाची नोकरी संपली हे आम्ही पत्रावरून नाही ठरवत. पत्रं चार वेळा बदलतात. ज्या दिवशी खोलीची किल्ली, गादी आणि आयडी जमा केली, तो शेवटचा दिवस. लेबर ऑफिसवाल्यांपुढेही मी हेच सांगत आलोय. किल्ली ज्याच्या खिशात, तो कामावर. मग हिची नोकरी सुटली कधी?"

"पण सर, किल्ली तिच्याकडे होती याला तरी पुरावा हवा ना?"

शिवदास घुटमळला. "लाइटबिल चालेल का?"

"कसलं लाइटबिल?"

"क्वार्टरचं. मी भरतो इथनं, मोबाइलवरनं. पहिल्या महिन्यापासनं. ती नको म्हणते, पण..." तो ओशाळला. "पगार कमी तिचा. पंखा तरी बिनघोर लावावा म्हणून."

आता खिशातून फोन बाहेर आला. फोटोंवर बोट जाणार नाही अशा बेताने त्याने पावत्या उघडल्या. एकशे चाळीस रुपये. एकशे बासष्ट. मे महिन्यात दोनशे दहा. विवेक एकेक महिना फाइलशी पडताळत गेला. ब्रेक लागलेल्या पाचही महिन्यांची बिलं होती, तोच मीटर, तेवढंच वापरलेलं. सहासष्ट महिन्यांच्या सहासष्ट पावत्या. एकही महिना चुकला नव्हता.

"काका, तुम्हाला आमच्याकडे नोकरी करायचीय का?" विवेक म्हणाला.

"नको रे बाबा. मला नोकरीच सोडायचीय."

विवेक हसला. मग त्याने फाइल आयरीनपुढे सरकवली. आयरीन मॅडमनी चष्मा लावून ठराव लिहिला आणि वॉर्डातल्या आवाजात वाचला. सेविकेने कामाचं ठिकाण व निवास एकही दिवस सोडला नाही, सबब सेवा सलग धरावी आणि कर्ज माफ व्हावे. तिघांच्या सह्या झाल्या. समितीची शिफारस वसई मोडत नसे. पुढच्या शुक्रवारी तिथून होकार येणार होता, पण तो उपचार.

जिन्यापर्यंत आयरीन सोबत आल्या. "दादा, खिशात जे आहे ते काढून टाका. मी काही बघितलं नाही."

"मी तरी कुठं काय दाखवलं, मॅडम?"

"तेच म्हणते."

खाली कॅफेच्या दारात उभं राहून शिवदासने रजिस्टरचं पान एकदा शेवटचं बघितलं आणि पुसलं. मग लेकीला फोन लावला. खूप वेळ वाजल्यावर तिने उचलला.

"गो, माफ झालं."

"काय? खरंच? बाबा..." मागे कुणीतरी ओरडत होतं. "बाबा, मी मग करते फोन. आजपासनं ब्रेक लागलाय."

"मग ही कोण ओरडतेय?"

"दोघी आल्यात," पूर्णिमा म्हणाली आणि फोन बंद झाला.

रविवारी सकाळी सित्र्याला माणसं उतरवून शिवदास नुमानच्या टेबलापाशी गेला. रिन्यूचा कागद त्याने सही न करताच परत ठेवला.

"सोच लिया?" नुमानने विचारलं. "बाईस साल हो गए. वहाँ जाके करोगे क्या?"

"बकरी," शिवदास म्हणाला. "और हर महीने एक लाइटबिल. वो तो भरना पड़ेगा."