काई प्रांताचा बांध आणि राजाराम सरांची दुरुस्ती

एक परात डोळ्यांसमोर आणा बरं. पीठ मळायची, उंच काठांची. त्या काठांच्या जागी डोंगर उभे करा. दक्षिणेकडचा डोंगर सगळ्यांत उंच, बर्फाची टोपी घातलेला; तो फुजी. आता परातीच्या तळाशी माणसं वसवा, भाताची शेतं करा, एक नदी सोडा. समुद्र शोधू नका, मिळणार नाही. असा होता जपानमधला जुना काई प्रांत. आज त्या भागाला यामानाशी म्हणतात. आता चारी डोंगरांवर धो धो पाऊस पाडा. ते पाणी कुठे जाईल? बरोबर, परातीत. आणि परातीत कोण राहतंय? तुम्ही. थोडं घाबरलात ना? मग पुढची गोष्ट नीट कळेल.

अमेरिकेत नेपरव्हिलमध्ये राहणारी, चौथीत शिकणारी आरोही असा विचार करून खरोखर घाबरली होती. जुन्या काळी कुठल्या लोकांनी पुराला कसं तोंड दिलं, यावर तिच्या वर्गात प्रोजेक्ट होता. बाईंनी चिठ्ठ्या टाकल्या आणि तिच्या वाट्याला काई प्रांत आला. शुक्रवारी मॉडेल शाळेत न्यायचं आणि वर्गासमोर त्यात पाणी ओतून दाखवायचं. आरोही वर्गात बोलत नसे. उत्तर येत असलं तरी ती स्वतःच्या बुटांकडे बघायची. या खेपेला मात्र ती आईला म्हणाली होती, "मम्मा, मी उभी राहणार. पाणीच सगळं सांगेल, मी फक्त पॉइंट करीन."

पाण्याने नीट सांगावं म्हणून ती तीन आठवडे खपली होती. तिथल्या मराठी मंडळाच्या जेवणातून उरलेला अॅल्युमिनियमचा मोठा ट्रे, त्यात मातीचे डोंगर, मधून नदी, नदीला बांध, बांधामागे गाव.

आता घरातल्या दुसऱ्या विद्यार्थ्याची ओळख करून देतो. आरोहीचे आजोबा, राजाराम सर. अमरावतीच्या शाळेत चौतीस वर्षं भूगोल शिकवून निवृत्त झालेले आणि सहा महिन्यांसाठी मुलाकडे आलेले. नोकरी संपली होती, पण तपासणी संपली नव्हती. हॉटेलात गेले की आधी मेनूकार्ड तपासत, मग जेवत. लायब्ररीच्या पुस्तकातला नकाशा त्यांनी सुधारला, तेव्हापासून सुनेने, मोनालीने, त्यांचं लाल पेन काढून घेतलं होतं. सरांना स्वतःचा हा स्वभाव ठाऊक होता. ते स्वतःच म्हणत, "माझ्या लग्नाच्या पत्रिकेतही मी तीन चुका काढल्या होत्या. चौथी चूक सासऱ्यांनी नंतर काढली, ती म्हणजे मी."

गुरुवारी दुपारी बाहेर बर्फ पडत होतं. मोनाली वरच्या खोलीत ऑफिसच्या कॉलवर होती. सर चहाचा कप घेऊन मॉडेलपाशी आले, आणि त्यांना दिसलं की बांध तुटका आहे. एका ठिकाणी नव्हे, तीन ठिकाणी! बांध थोडा जायचा, थांबायचा, मध्ये चांगली बोटभर फट, आणि पुढे पुन्हा सुरू.

"अरेरे," सर पुटपुटले, "पोरीची माती संपली वाटतं."

माती संपली नव्हती. शेजारीच अख्खं पाकीट होतं. पण सरांच्या डोळ्याला एकदा चूक दिसली की बाकीचं दिसायचं बंद होई. त्यांनी बाह्या सरसावल्या, तिन्ही फटी बुजवल्या आणि चमच्याच्या पाठीने असा गुळगुळीत हात फिरवला की कुठे जोड होता ते देवालाही सापडू नये.

तरी माती उरली. आता सांगा, मराठी माणसाच्या हातात ओली माती उरली तर तो काय करील? दिवाळी असो नसो, तो किल्लाच करील. गाव आणि नदी यांच्यामध्ये चांगली सपाट जागा रिकामी होती. "वेडी पोर, एवढी मोक्याची जागा सोडली!" असं म्हणत सरांनी तिथे किल्ला बांधला. तट, चार बुरूज, महादरवाजा, वर चढायला पायऱ्या. तटाखाली मोहरीही पेरली. मावळे मिळेनात, म्हणून लेगोच्या डब्यातला आगीचा बंब चालवणारा शिपाई बुरुजावर चढवला. जुन्या जपानात तो लाल हेल्मेट घालून पहारा देऊ लागला. सरांनी फोटो काढला आणि माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर टाकला: 'नातीला थोडीशी मदत.' सोळा जणांनी नमस्कार पाठवले. सरांनी ते दोनदा मोजले.

पावणेचारला शाळेची बस आली. आरोही बर्फाचे बूट दारात काढून धावत आत आली आणि थबकली.

"आजोबा, डिड यू टच इट?"

"टच? अगं, पूर्ण करून दिलं! बांध तुटका होता. आणि हा किल्ला बघ. तुझ्या बाईंनी असा किल्ला जन्मात पाहिला नसेल."

"तुटका नव्हता! ते गॅप्स मी ठेवले होते. ऑन पर्पज!"

"बांधाला फटी? बेटा, मी चौतीस वर्षं भूगोल..."

"काईचा?"

चौतीस वर्षांत काई प्रांत एकदाही अभ्यासक्रमाला नव्हता.

आरोहीने वाद घातला नाही. तिने स्वयंपाकघरातून तांब्या भरून आणला आणि डोंगराच्या माथ्यावर पाणी ओतायला सुरुवात केली. नदी भरली, बांधाला भिडली, चढत गेली. बांध अभेद्य होता, सरांच्याच हातचा. पाण्याला जायला जागा उरली नाही. मग ते एकदम काठावरून उसळलं, बांधाचा एक लचका तोडला आणि गावात घुसलं. घरं आडवी झाली. किल्ल्याचे बुरूज विरघळले. बंबवाला शिपाई उताणा होऊन फुजीच्या दिशेने वाहत गेला.

"काय झालं गं?" मोनालीने वरून विचारलं.

"काही नाही," सर म्हणाले, "भूगोल."

आरोही रडली नाही. ती खाली बुटांकडे बघू लागली, आणि पायात तर बूटही नव्हते. सरांनी तिची खाली गेलेली मान पाहिली. उद्या सकाळी हीच मान वर्गात अशीच खाली जाईल, आणि ती खाली घालणारा आपण. त्यांच्या मनात सबबी रांगेत उभ्या राहिल्या: माती हलकी होती, ट्रे उथळ होता, पाणी फार जोरात ओतलं. सर्व सबबी त्यांनी विद्यार्थ्यांकडून ऐकलेल्या होत्या आणि एकीलाही कधी गुण दिला नव्हता.

"आरोही," ते म्हणाले, "माझं चुकलं. न विचारता हात घातला. आता मला शिकव. फट कशाला?"

तिने बोटाने ओल्या मातीत रेघ ओढली. "साडेचारशे वर्षांपूर्वी तिकडे ताकेदा नावाची फॅमिली राज्य करायची. त्यांच्या काळात हे बांध केले असं म्हणतात. नदी भरली ना, की पाणी या गॅपमधून मागे वळून हळूच शेतात जातं. जोरात नाही. शेतात थांबतं. नदी उतरली की त्याच गॅपमधून परत येतं. गाव वाचतं."

"म्हणजे ती मोकळी जागा..."

"पाण्यासाठी होती. तुम्ही तिथे फोर्ट बांधला."

"पुराच्या बरोब्बर तोंडात!" सर म्हणाले. "एवढी मोक्याची जागा दुसऱ्या कुणाला सापडली नसती." आरोहीला हसायचं नव्हतं, तरी हसू आलं.

मग दोघं कामाला बसली. सर माती मळत होते आणि आरोही लावत होती. प्रत्येक फटीपाशी सरांचा अंगठा आपोआप पुढे जाई, ती "आजोबा!" म्हणे, आणि अंगठा परत येई. साडेपाचला तिन्ही फटींसकट बांध उभा राहिला. पण नवी माती लिबलिबीत होती.

"सकाळपर्यंत टिकेल का गं?" सरांनी विचारलं. जन्मात पहिल्यांदाच ते नातीला असा प्रश्न विचारत होते ज्याचं उत्तर त्यांना खरोखर येत नव्हतं.

"तिकडे दर स्प्रिंगमध्ये लोक देवाची पालखी घेऊन नदीच्या बांधावर येतात," आरोही म्हणाली. "खूप लोक. त्यांच्या पायांनी माती पक्की होते, असं म्हणतात."

आणि तिने आपली दोन बोटं बांधावर टेकवून एकेक पाऊल चालायला सुरुवात केली. पहिल्या फटीपाशी ती थांबली. मग तिने आजोबांचा हात ओढला, त्यांची दोन बोटं धरून पलीकडच्या बांधावर ठेवली आणि म्हणाली, "तुम्ही इथून चाला. हळू, आजोबा. जोरात नाही."